अन्ननलिका आणि जठराच्या कर्करोगात प्रथिनांच्या तपासण्या कशा करून घ्याव्यात आणि त्यांचे अहवाल कसे वाचावेत

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेत सकाळी अकराच्या सुमारास कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर नजर टाकली, तर गोंदिया, वडसा, बालाघाट, छिंदवाडा अशा ठिकाणांहून पहाटेच्या गाडीने आलेली माणसे प्लास्टिकच्या पिशवीत जाड फाइल घेऊन बसलेली दिसतात. त्या फाइलमध्ये पुष्कळदा सर्वांत वर रक्ताचा एक अहवाल असतो, त्यात कर्करोगात वाढू शकणाऱ्या ‘सीईए’ किंवा ‘सीए १९-९’ या नावापुढचा आकडा ठळक छापलेला असतो आणि कोणीतरी त्याभोवती लाल पेनाने गोल काढलेला असतो. नातेवाईक विचारतात, ‘‘डॉक्टरसाहेब, कॅन्सरच आहे ना हा?’’ आणि सूक्ष्मदर्शकाखाली गाठींचे तुकडे (बायोप्सी) पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले त्या माझ्यासारख्याला उलटा प्रश्न विचारावा लागतो, ‘‘दुर्बीण टाकली का?’’ तोंडातून अन्ननलिका-जठरापर्यंत टाकायची ही दुर्बीण (एंडोस्कोपी) बहुतेक वेळा टाकलेली नसते. पुढील मार्गदर्शन याच दोन प्रश्नांमधल्या अंतराविषयी आहे: कोणती प्रथिने कशासाठी तपासतात, त्यांचा क्रम कोणता असावा आणि हातात आलेल्या कागदावरून किती निष्कर्ष काढावा.

आधी दोन प्रकारच्या तपासण्या वेगळ्या करून घ्याव्यात, कारण ‘मार्कर’ या एकाच शब्दाने दोन्हींचा उल्लेख होतो आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या प्रकारात रक्तात फिरणारी प्रथिने मोजतात आणि उत्तर आकड्यात येते. दुसऱ्या प्रकारात दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यातील पेशींवर विशिष्ट प्रथिन आहे की नाही हे प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) साहाय्याने रंगवून पाहतात. या पद्धतीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री किंवा बोलीत ‘आयएचसी’ म्हणतात आणि तिचे उत्तर शब्दात किंवा गुणांकात येते. या दोन कर्करोगांच्या बाबतीत उपचाराची दिशा ठरवणारी प्रथिने जवळजवळ सगळी दुसऱ्या प्रकारातली आहेत. लोक मात्र पैसे आणि झोप पहिल्या प्रकारावर घालवतात.

रक्ताच्या आकड्यावरून निदान का होत नाही, हे एका काल्पनिक हिशेबाने लवकर कळते. समजा, १०,००० धडधाकट माणसांचे रक्त तपासले आणि त्यांपैकी १० जणांना जठराचा कर्करोग आहे. समजा, आपली चाचणी निम्मे रुग्ण पकडते आणि निरोगी १०० माणसांपैकी ५ जणांचा आकडा चुकून वाढलेला दाखवते. कागदावर ही चाचणी काही वाईट नाही. तरीही हाती काय लागते ते पाहावे: १० पैकी ५ रुग्ण सापडले, ५ निसटले, आणि उरलेल्या ९,९९० निरोगी माणसांपैकी सुमारे ५०० जणांच्या घरी विनाकारण रडारड झाली. म्हणजे आकडा वाढलेल्या शंभर जणांत खरा रुग्ण एखादाच, आणि आकडा ठीक आलेल्यांत मात्र पाच रुग्ण निश्चिंत मनाने घरी गेले. मला या दुसऱ्या चुकीची भीती अधिक वाटते. ‘पूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये सीईए टाकून ‘कॅन्सरची तपासणी झाली’ असे सांगण्याची जी पद्धत पडली आहे, तिचे समर्थन करता येत नाही.

म्हणून पहिली पायरी रक्ताची नव्हे. घन घास छातीत अडकणे, नंतर पातळ पदार्थही अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, काळी डांबरासारखी शौच होणे, वारंवार उलट्या, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे किंवा वयस्क माणसाचे हिमोग्लोबिन कारण न सापडता घसरणे, यांपैकी काहीही असेल तर पोटविकारतज्ज्ञाकडून दुर्बिणीची तपासणी आधी करून घ्यावी. विदर्भात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खाणाऱ्यांना हे दोनदा सांगावे लागते. तंबाखू आणि सुपारी या दोन्हींचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. खर्र्याचा संबंध लोक तोंडाच्या कर्करोगापुरताच लावतात. पण ज्या लाळेने गाल जळतो तीच लाळ पुढे अन्ननलिकेतून खाली जाते. जेवताना घास अडकू लागला की पाण्याच्या घोटाबरोबर तो ढकलून महिनोन्‌महिने काढणारी माणसे आम्ही नेहमी पाहतो, आणि अशा माणसाला सीईए करायला पाठवणे म्हणजे आणखी एक महिना घालवणे होय.

रक्तातील प्रथिनांचे अहवाल

एवढे सांगूनही हे अहवाल फेकून देण्यासारखे नाहीत. त्यांचे काम वेगळे आहे, इतकेच. तुकड्यावरून निदान पक्के झाल्यानंतर आणि उपचार सुरू होण्यापूर्वी एक आकडा घेऊन ठेवला, तर पुढे त्याच्याशी तुलना करता येते. ज्या रुग्णाचा आकडा सुरुवातीला वाढलेला होता, त्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो खाली यायला हवा. प्रथिन रक्तातून निघून जायला काही आठवडे लागतात, म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा तपासून घाबरण्यात अर्थ नसतो, साधारण महिना-दीड महिन्याने तपासावे. सुरुवातीलाच आकडा ठीक असेल, तर त्या रुग्णात ते प्रथिन पाठपुराव्यासाठी फारसे उपयोगाचे नसते.

‘सीईए’ हे प्रथिन १९६५ साली गोल्ड आणि फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून ओळखले आणि तेव्हापासून ते पोटाच्या सगळ्याच कर्करोगांत मोजले जाऊ लागले. धूम्रपान न करणाऱ्यांत ते साधारणपणे मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमच्या आत आणि करणाऱ्यांत ५ च्या आत असते. म्हणजे बिडी ओढणाऱ्याचा ४.५ हा आकडा आणि न ओढणाऱ्याचा ४.५ हा आकडा एकच गोष्ट सांगत नाही. यकृताचे जुनाट आजार, आतड्यांची सूज, फुफ्फुसांचे काही विकार यांतही तो वाढतो.

‘सीए १९-९’ याला सवयीने प्रथिन म्हणतात, पण काटेकोर बोलायचे तर ती प्रथिनांवर लागलेली साखरेची एक विशिष्ट साखळी आहे. हा भेद पुस्तकी वाटेल. त्याचा परिणाम मात्र व्यवहारात दिसतो. ही साखळी तयार करण्यासाठी लुईस रक्तगटाशी संबंधित विकर (एन्झाइम) लागते, आणि साधारण ५ ते १० टक्के माणसांत ते नसल्यामुळे कर्करोग पसरलेला असला तरी त्यांचा आकडा जवळजवळ शून्य राहतो. उलट पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली असेल, तर कर्करोग नसतानाही ३७ ची नेहमीची मर्यादा ओलांडून आकडा शेकड्यांत जाऊ शकतो. म्हणून कावीळ असताना हा अहवाल आला तर त्यावर मत बनवू नये; पित्ताचा मार्ग मोकळा झाल्यावर पुन्हा तपासावे.

‘सीए ७२-४’ हा जठराच्या बाबतीत या तिघांत अधिक नेमका मानला जातो, तरी तोही पुष्कळ रुग्णांत वाढत नाही. अन्ननलिकेच्या चपट्या पेशींच्या म्हणजे स्क्वेमस कर्करोगात ‘एससीसी अँटिजेन’ मोजतात. हे प्रथिन निरोगी त्वचेत आणि लाळेतही असते, त्यामुळे नमुना हाताळताना लाळेचा थेंब किंवा घाम मिसळला तर आकडा फुगतो. मूत्रपिंड निकामी झालेल्यांत आणि सोरायसिससारख्या त्वचारोगांतही तो वाढलेला असतो.

हे सगळे आकडे वाचताना तीन काळज्या घ्याव्यात. पहिली अशी की, पाठपुरावा एकाच प्रयोगशाळेत आणि शक्यतो एकाच यंत्रपद्धतीने करावा. वेगवेगळ्या कंपन्यांची तपासणी-संचके (किट) वेगवेगळे प्रतिपिंड वापरतात, त्यामुळे सीताबर्डीच्या प्रयोगशाळेतील ६० आणि गावाकडच्या प्रयोगशाळेतील ८५ यांची वजाबाकी करून ‘रोग वाढला’ असे म्हणता येत नाही. दुसरी काळजी केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांची. अनेक यंत्रांमध्ये बायोटिनवर आधारलेली जोडणी वापरलेली असते आणि रक्तात बायोटिन जास्त असेल तर सीईए, सीए १९-९ यांसारख्या तपासण्या खोट्याच कमी येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी इशारा दिला होता. अशी गोळी चालू असेल तर ती प्रयोगशाळेत सांगावी आणि रक्त देण्यापूर्वी किती दिवस थांबवायची हे डॉक्टरांना विचारावे. तिसरी गोष्ट केमोथेरपीची. औषध लागू पडून पेशी फुटतात तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत सीईए तात्पुरते वरही जाते, म्हणून एका आकड्यावरून औषध बदलण्याचा आग्रह डॉक्टरांजवळ धरू नये. दोन-तीन आकड्यांचा कल आणि सीटी स्कॅन एकत्र पाहिले जातात.

पेप्सिनोजेन या जठरातील प्रथिनाविषयीही हल्ली विचारणा होते. जठराचे अस्तर झिजत गेले की पेप्सिनोजेन-१ कमी होते आणि पेप्सिनोजेन-१ व २ यांचे गुणोत्तर घसरते. जपानमध्ये पेप्सिनोजेन-१ हे मिलिलिटरला ७० नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी आणि गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी असेल तर ते झिजलेल्या अस्तराचे लक्षण मानतात. यावरून धोका कळतो, कर्करोग नव्हे. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे आकडे बदलतात. आपल्याकडे या गोळ्या लोक चहाआधी वर्षानुवर्षे घेतात आणि तपासणीच्या वेळी ‘औषध काही नाही’ असे लिहून देतात! हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा शोध वॉरेन आणि मार्शल यांनी लावला आणि त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. जठराच्या कर्करोगाचे ते मोठे कारण असल्याने त्याची तपासणी योग्यच आहे, मात्र ती श्वासाच्या चाचणीने किंवा शौचातील जिवाणूच्या प्रथिनावरून करावी. रक्तातील प्रतिपिंडांवरून संसर्ग आजचा की वीस वर्षांपूर्वीचा हे ठरत नाही.

तुकडा घेण्याची आणि जपण्याची रीत

या भागावर मी मुद्दाम अधिक लिहितो, कारण पुढच्या सगळ्या प्रथिनांचे भवितव्य इथे ठरते आणि इथे झालेली चूक नंतर कोणत्याही महागड्या यंत्राने दुरुस्त होत नाही.

गाठीतून किती तुकडे घेणार, हे दुर्बिणीपूर्वीच विचारायला हरकत नाही. जठराच्या गाठीत प्रथिने सगळीकडे सारखी पसरलेली नसतात. एका कोपऱ्यात हर-२ हे प्रथिन (त्याविषयी पुढे येईल) भरपूर असते आणि बोटभर अंतरावर अजिबात नसते. म्हणून सहा ते आठ तुकडे घ्यावेत अशी शिफारस आहे. दोनच तुकडे घेतले तर ‘कर्करोग आहे’ एवढे निदान होऊ शकते, परंतु चार-पाच प्रथिनांच्या तपासण्यांना माल पुरत नाही आणि रुग्णाला पुन्हा दुर्बीण घ्यावी लागते. गाठीवर व्रण असेल तर मधोमध केवळ मृत पेशी मिळतात, कडेचे तुकडे उपयोगी पडतात; हे काम अर्थात डॉक्टरांचे आहे.

तुकडा बाहेर आल्याबरोबर १० टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा. सलाइनमध्ये, स्पिरिटमध्ये किंवा कोरड्या डबीत ठेवलेला तुकडा आतून सडू लागतो अथवा आक्रसतो आणि प्रथिनांचा रंग मग विश्वासार्ह राहत नाही. एका कुटुंबाने मला थंडाव्यासाठी बर्फात गुंडाळून आणलेली डबी दिली होती. आत सलाइन होते, आणि तीन दिवस झाले होते. त्या तुकड्यावरून कर्करोगाचा प्रकारदेखील धड सांगता आला नाही. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा, हे प्रमाण प्रथिनांच्या तपासण्यांसाठी पाळले जाते. शनिवारी दुपारी गडचिरोलीत काढलेला तुकडा सोमवारी सकाळी नागपुरात पोहोचला तरी चालतो. पण मध्ये सणाची सुट्टी आली आणि डबी कपाटात राहिली तर चालत नाही. डबीवर रुग्णाचे नाव, तुकड्याची जागा, तारीख आणि वेळ लिहिली आहे का हे नातेवाइकांनी डबी हातात घेतानाच पाहावे. अर्जात ‘अन्ननलिका’ एवढेच लिहिलेले असू नये. दातांपासून किती सेंटिमीटरवर गाठ आहे आणि ती जठराच्या तोंडाशी पोहोचली आहे का, हे लिहिलेले असावे. वरच्या-मधल्या भागातील गाठ आपल्याकडे बहुतांशी स्क्वेमस असते आणि खालच्या टोकाची गाठ ग्रंथीच्या पेशींची म्हणजे अ‍ॅडेनोकार्सिनोमा असू शकते, आणि कोणती प्रथिने तपासायची ते या भेदावर ठरते.

पॅथॉलॉजिस्ट पहिल्यांदा साध्या रंगाने प्रकार ठरवतो. पेशी फारच बिघडलेल्या असतील तेव्हा पी-४० सारख्या प्रथिनाने स्क्वेमस प्रकार ओळखता येतो, सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन यांवरून न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या पेशींचा, प्रकार कळतो. अहवालात ही नावे दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ती ओळखपत्रे आहेत, रोगाची तीव्रता नव्हे.

चार प्रथिने, चार प्रकारचे उत्तर

हर-२ हे पेशीच्या आवरणावरील, वाढीचा संकेत आत पोहोचवणारे प्रथिन आहे. त्याचे जनुक १७ व्या गुणसूत्रावर असते आणि काही गाठींत त्या जनुकाच्या अनेक प्रती झाल्यामुळे पेशीचे आवरण या प्रथिनाने भरून जाते. जठराच्या आणि अन्ननलिका-जठर जोडाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात साधारण पाचातल्या एका रुग्णात हे आढळते. जोडाच्या गाठींत आणि आतड्यासारख्या रचनेच्या गाठींत अधिक, विखुरलेल्या पेशींच्या प्रकारात क्वचित. अहवालात ०, १+, २+ किंवा ३+ असे लिहितात. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे अनिर्णित. २+ आले तर तिथे न थांबता ‘फिश’ नावाच्या जनुक-तपासणीने निकाल लावावाच लागतो. २+ चा अहवाल घेऊन उपचार सुरू झाले आणि ‘फिश’ राहूनच गेली, असे मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून हे वाक्य अधोरेखित समजावे.

येथे एक बारकावा आहे. स्तनाच्या कर्करोगात पेशीच्या पूर्ण परिघावर रंग यावा लागतो, जठरात मात्र ग्रंथीच्या पोकळीकडची बाजू बहुधा कोरी राहते आणि रंग दोन्ही बाजूंना व तळाला इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा येतो. शिवाय लहान तुकड्यात अशा पाच पेशींचा एक पुंजका पुरतो, तर शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीत किमान १० टक्के पेशी रंगलेल्या असाव्या लागतात. स्तनाचे निकष जठराला लावले तर खरे पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह ठरतात. तेव्हा अहवालात ‘जठराचे निकष वापरले’ असा उल्लेख आहे का, हे पाहावे आणि नसेल तर नम्रपणे विचारावे.

‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकून घरात अश्रू येतात, कारण कोविडच्या काळापासून लोकांनी या शब्दाचा धसका घेतला आहे. हर-२ पॉझिटिव्ह म्हणजे रोग दुप्पट झाला असे नव्हे. त्या प्रथिनावर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध वापरता येईल, असा त्याचा अर्थ आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टोगा’ या अभ्यासात पसरलेल्या रोगाच्या रुग्णांत केमोथेरपीसोबत हे औषध दिल्यावर मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण किमान जितका काळ जगले तो) ११.१ महिन्यांवरून १३.८ महिने झाले. हा फरक दिसायला लहान आहे, आणि तो प्रामाणिकपणे तसाच सांगावा; मात्र त्यातूनच या कर्करोगात प्रथिन पाहून औषध निवडण्याची वाट उघडली. बायोकॉनने २०१४ मध्ये भारतात याच औषधाचे समरूप (बायोसिमिलर) बाजारात आणले, त्यामुळे निवडीला वाव वाढला.

दुसरी तपासणी चार प्रथिनांच्या संचाची आहे: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६. डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका ही प्रथिने दुरुस्त करतात. येथे अहवालाची भाषा उलटी असते आणि त्यामुळे वाचणारा हमखास फसतो. ही प्रथिने पेशीकेंद्रात ‘आहेत’ म्हणजे सारे नेहमीसारखे आहे. ती ‘नाहीत’ हीच महत्त्वाची नोंद. ती सहसा जोडीने जातात: एमएलएच-१ गेले की पीएमएस-२ जाते, एमएसएच-२ गेले की एमएसएच-६. जठरात एमएलएच-१ चा अभाव बहुतेक वेळा वयोमानाने त्या जनुकाला कुलूप लागल्यामुळे, म्हणजे ते बंद पडल्यामुळे, येतो आणि तो वारशाने आलेला नसतो. एमएसएच-२ चा अभाव दिसला तर मात्र लिंच सिंड्रोम या आनुवंशिक स्थितीचा विचार करून कुटुंबासाठी जनुकीय सल्ला घ्यावा. असा अभाव असलेल्या गाठी प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधांना चांगला प्रतिसाद देतात, म्हणून ही तपासणी तुलनेने स्वस्त असूनही राहून जाणे मला सर्वांत खटकते.

पीडी-एल-१ या, गाठीला प्रतिकारशक्तीपासून लपायला मदत करणाऱ्या प्रथिनाचे उत्तर ‘सीपीएस’ या गुणांकात येते. हे प्रथिन असलेल्या कर्कपेशी आणि लिम्फोसाइट व मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी अशा सगळ्यांची बेरीज करून तिला एकूण जिवंत कर्कपेशींच्या संख्येने भागतात आणि १०० ने गुणतात. त्यामुळे ‘सीपीएस ८’ म्हणजे ८ टक्के कर्करोग, असा अर्थ कोणी काढू नये. तुकड्यात किमान १०० जिवंत कर्कपेशी असतील तरच हा गुणांक धरावा. ‘चेकमेट-६४९’ या अभ्यासात हा गुणांक ५ किंवा अधिक असलेल्या रुग्णांत केमोथेरपीला निव्होलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान ११.१ वरून १४.४ महिने झाले. अन्ननलिकेच्या स्क्वेमस कर्करोगात पेम्ब्रोलिझुमॅब या तशाच औषधाच्या ‘कीनोट-५९०’ अभ्यासात १० ही रेषा धरली होती. मोजणी डोळ्यांनी होते, त्यामुळे दोन तज्ज्ञांत ४ आणि ६ असा फरक पडू शकतो. रेषेच्या अगदी जवळचा गुणांक आला तर स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्याची विनंती करण्यात कोणाचा अपमान नाही.

चौथे क्लॉडिन १८.२. जठराच्या अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट बिलगून राहाव्यात यासाठी हे प्रथिन असते आणि गाठीत पेशींची मांडणी विस्कटली की ते उघडे पडते. ७५ टक्के किंवा अधिक कर्कपेशींच्या आवरणावर मध्यम ते गडद रंग आला तर पॉझिटिव्ह धरतात. त्यावर नेम धरणाऱ्या झोल्बेटुक्सिमॅबचे ‘स्पॉटलाइट’ आणि ‘ग्लो’ हे अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाले; ते हर-२ निगेटिव्ह रुग्णांवर होते. निरोगी जठरातही हेच प्रथिन असल्यामुळे औषधाने मळमळ आणि उलट्या पुष्कळ होतात. तपासणीचे पैसे भरण्यापूर्वी हे औषध आपल्या रुग्णाला मिळू शकेल का आणि परवडेल का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे. ज्या उत्तराने उपचारात काहीच बदलणार नाही, ते विकत घेऊ नये. अन्ननलिकेचा स्क्वेमस कर्करोग असेल तर हर-२ आणि क्लॉडिन यांचा आग्रह धरण्याचे सहसा कारण नसते, पीडी-एल-१ पुरते.

तुकडा कमी असेल तर क्रम असा मागावा, असे माझे मत आहे: अ‍ॅडेनोकार्सिनोमात आधी हर-२ आणि दुरुस्ती-प्रथिनांचा संच, मग पीडी-एल-१, शेवटी क्लॉडिन. प्रत्येक तपासणीसाठी वेगळ्या दिवशी ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) कापला तर दर वेळी तो समतल करण्यातच ऊती वाया जातात, म्हणून सगळे काप एकाच वेळी घेऊन ठेवायला सांगावे.

ट्रास्टुझुमॅब घेऊनही रोग पुन्हा वाढला, तर जुन्या अहवालावर विसंबू नये. उपचाराच्या दाबाने काही गाठी हर-२ टाकून देतात, आणि पुढचे औषध पुन्हा हर-२ वरच नेम धरणारे असेल तर नवा तुकडा घेऊन खात्री करण्याचा सल्ला दिला जातो.

ब्लॉक घेऊन जाताना

नागपुरात दुर्बीण एका दवाखान्यात, तुकड्याचा अहवाल दुसऱ्या प्रयोगशाळेत आणि उपचार मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात), तुकडोजी कर्करोग रुग्णालयात, जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबईला टाटामध्ये, अशी विभागणी नेहमीची आहे. नव्या ठिकाणी कागदाबरोबर मेणाचा ब्लॉक मागतात, कारण अहवालाच्या झेरॉक्सवर प्रथिन रंगवता येत नाही. ब्लॉक रुग्णासाठी जपून ठेवलेला असतो. लेखी अर्ज आणि ओळखपत्र देऊन तो मागावा, पोच द्यावी, आणि ब्लॉकवर कोरलेला क्रमांक अहवालावरील क्रमांकाशी तिथेच जुळवून पाहावा. केवळ न रंगवलेल्या स्लाइड मिळत असतील तर त्या लवकर पोहोचवाव्यात, कारण काप घेतल्यानंतर आठवड्यांमागून आठवडे गेले की काही प्रथिनांचा रंग फिका पडत जातो. ब्लॉकच्या आत ती बराच काळ टिकतात.

आणि उन्हाळ्यात एक काळजी घ्यावी, जी नागपूरकरांनाच सांगावी लागते. ब्लॉकचे मेण साधारण ५६ ते ५८ अंशांना वितळते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत काचेजवळचे तापमान त्याच्याही वर जाते. माझ्याकडे एकदा अशा गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर राहिलेला ब्लॉक आला. मेण ओघळून पाकिटाला चिकटले होते आणि आतले मोहरीएवढे तुकडे जागचे सरकले होते. पुन्हा मेणात बसवून त्यातले दोन वाचले. ब्लॉक कापसात गुंडाळून छोट्या कडक डबीत घालावा, डबी हातातल्या पिशवीत ठेवावी, रेल्वेत खिडकीच्या उन्हात ठेवू नये, आणि कुरिअरने पाठवायचाच असेल तर ऊन उतरल्यावर संध्याकाळी द्यावा.